झटका बसला, मग एमसीबी का पडली नाही?

उन्हाळा लागला की या सदराच्या टपालाची तऱ्हाच बदलते. हिवाळ्यात गिझर, पावसाळ्यात मीटरपेटीत शिरलेलं पाणी, आणि एप्रिल उजाडला की कूलर, कूलर आणि कूलर. यंदा आयटीआयच्या आणि हाताखाली काम शिकणाऱ्या मुलामुलींचीही पत्रं बरीच आहेत. सक्करदऱ्याच्या माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बसून सगळी वाचली. वीज कुठून येते हे प्रत्येकाने विचारलंय. ती परत कुठून जाते हे मात्र एकानेही विचारलं नाही, आणि निम्म्या पत्रांचं उत्तर तिथेच दडलंय.

प्रश्न : *मी वीजतंत्री ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे. व्होल्ट, अँपिअर, ओहमच्या व्याख्या पाठ आहेत, गणितंही सुटतात, पण प्रॅक्टिकलला घोळ होतो. परवा 100 वॅटचा पिवळा बल्ब मल्टिमीटरवर मोजला तर 40 ओहम आला. सूत्राने 529 यायला हवा. सर म्हणाले मीटर ठीक आहे. मग सूत्र चुकीचं आहे का?*
*— एक विद्यार्थिनी, मानेवाडा*

सूत्रही ठीक आणि मीटरही ठीक. तू मोजलास तो थंड बल्ब, आणि सूत्रात घातलास तो पेटलेला.

हिशेब मांडून बघ. 100 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे 0.43 अँपिअर. 230 ला 0.43 ने भागलं की 530 च्या आसपास ओहम येतात. पण हा 0.43 अँपिअर जातो तेव्हा आतली टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापून पांढरी झालेली असते. धातू तापला की त्याचा विरोध वाढतो आणि टंगस्टन एवढा तापला की तो बारा-तेरा पट होतो. मीटरने मोजताना तार गार होती, म्हणून 40. आता याच्या पुढचं तू स्वतः काढू शकशील : बटण दाबलं त्या क्षणी तार गारच असते, म्हणजे पहिला करंट 230 भागिले 40, जवळजवळ पावणेसहा अँपिअर. तार तापली की तो झटकन 0.43 वर उतरतो. बल्ब चालू असताना क्वचितच जातो, बहुधा बटण दाबतानाच 'फट्' करून जातो, त्याचं कारण हेच.

याच्या उलट गंमत आमच्या दुकानात रोज असते. कूलरच्या मोटरचं वाइंडिंग मोजलं, समजा 60 ओहम आलं. नवीन मुलगा लगेच सांगतो, ताई, ही पावणेचार अँपिअर खाणार. लावून बघावी तर एक अँपिअरही घेत नाही. एसीवर फिरती मोटर नुसता तारेचा विरोध नसते. गुंडाळीत चुंबकत्व सारखं उलटसुलट होत असतं आणि ते करंटला अडवतं. तीच मोटर बेअरिंग जाम होऊन अडकली, की अडवणं कमी होतं, करंट वाढतो आणि वार्निश जळाल्याचा वास सुटतो. तेव्हा मीटरचा ओहम गुंडाळी तुटली की नाही, दोन गुंडाळ्या सारख्या आहेत की नाही हे बघायला वापर. मोटर किती खाईल हे वायरभोवती अडकवून करंट मोजणारं क्लॅम्प मीटर सांगेल.

व्याख्यांबद्दल एकच सांगते. ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने 1827 साली हा नियम छापला, तेव्हापासून मुलं तो घोकतायत, पण व्होल्ट हा नेहमी दोन टोकांमधला असतो हे विसरतात. 'या वायरमध्ये 230 आहे' या वाक्याला अर्थ नाही. कशाच्या तुलनेत 230? न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरच्या? जमिनीच्या? दुसऱ्या फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या दुसऱ्या वायरच्या तुलनेत तीच वायर 400 दाखवेल. मीटरला दोन पिना असतात त्या याचसाठी.

पाण्याच्या टाकीचं उदाहरण वर्गात सगळीकडे देतात. मला ते अर्धंच पटतं. टाकी उंच तर दाब जास्त, नळ बारीक तर धार कमी, इथपर्यंत ठीक. पण पाइप कापला तर पाणी भडाभडा बाहेर येतं आणि वायर कापली तर करंट थांबतो. विजेला परत जायची वाट मिळाली तरच ती निघते. पुढची सगळी पत्रं याच एका गोष्टीवर आहेत, म्हणून तुझं पत्र पहिलं घेतलं.

प्रश्न : *ताई, आमच्या लोखंडी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनला बोलावलं, त्याने जुना फ्यूज काढून 16 अँपिअरची नवी एमसीबी बसवली आणि म्हणाला, आता शॉक लागलाच तर ही आपोआप पडेल, काळजी नाही. परवा पाणी भरताना सुनेला चांगलाच झटका बसला. एमसीबी तशीच वर. एमसीबी खराब निघाली का?*
*— एक गृहिणी, नंदनवन*

काकू, आधी कूलरचा प्लग भिंतीतून काढा, मग पुढचं वाचा.

एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, चांगली आहे. तिला जे काम नाहीच, त्याची अपेक्षा तुमच्या वायरमनने तिच्याकडून केली. अंग ओलं, पाय उघडे आणि फरशी भिजलेली असली की माणसाच्या शरीराचा विरोध साधारण 1000 ओहमच्या घरात येतो. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला हे कसं दिसतं? कुणीतरी आणखी एक सीलिंग फॅन लावला असं. ती कशाला पडेल? माणसाचा हिशेब मात्र मिलीअँपिअरमध्ये चालतो. 10 च्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 च्या वरचा करंट छातीतून जात राहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. 0.23 अँपिअर म्हणजे 230 मिलीअँपिअर. सून वाचली ती हात झटकन सुटला म्हणून किंवा पायात चप्पल होती म्हणून, एमसीबीमुळे नव्हे. एमसीबी भिंतीतली वायर जळू नये म्हणून असते.

तुम्ही म्हणाल, मग अर्थिंग कशाला असतं? बॉडीवर आलेला करंट जमिनीत नेणारी ती वाट, म्हणजे अर्थिंग, हवंच. पण आपल्याकडे घराच्या कोपऱ्यात एक सळई ठोकली की अर्थिंग झालं असं समजतात. मे महिन्यात ती जमीन भाकरीसारखी वाळलेली असते, पाण्याचा थेंब नाही. समजा त्या सळईचा विरोध 20 ओहम निघाला. कूलरच्या बॉडीवर फेज आला तर जमिनीतून जाणारा करंट 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. 16 ची एमसीबी तेव्हाही पडत नाही! घरात लावतो ती सी टाइपची 16 अँपिअरची एमसीबी क्षणात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. तोपर्यंत बॉडी जिवंत फेज घेऊन उभी, आणि वर मीटर फिरतंय ते वेगळंच.

म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडून वीज तोडणारा स्विच. दुकानात 'ईएलसीबी द्या' म्हटलं तरी आज हीच देतात. तिची युक्ती साधी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकाच लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर कड्याला काहीच जाणवत नाही. त्यातला थोडा जरी सुनेच्या अंगातून जमिनीत गेला, की जाणं आणि येणं यांचा मेळ बसत नाही. हा फरक 30 मिलीअँपिअर झाला की ती फार तर 0.3 सेकंदात तोडते. फरक मोठा असेल तर 0.04 सेकंदात. घरासाठी 30 मिलीअँपिअरचीच मागा. 100 किंवा 300 ची स्वस्त मिळाली म्हणून आणू नका, त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नाहीत. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून पडली नाही तर बदलायची. आणि एमसीबी काढून आरसीसीबी लावायची नाही. ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाही, दोघी सोबत लागतात. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर मात्र तीही काही करू शकत नाही. तिच्या लेखी गेलेलं सगळं परत आलं.

आता बॉडीवर करंट येतो कसा? आमच्याकडे येणाऱ्या लोकल कूलरमध्ये बहुतेक वेळा गुन्हेगार एकच : पंपाची वायर. ती पत्र्याच्या कापीव कडेवरून आत जाते. पाणी झिरपणाऱ्या ताट्या बदलताना, साफसफाई करताना ती कडेवर घासत राहते. तिथे बोट फिरवून बघितलं की वरचं प्लास्टिक चिरलेलं लागतं, आणि आतलं तांबं हिरवट पडलेलं दिसतं. त्यावर आपल्या पाण्याचा पांढरा क्षार बसतो, पाणी शिंतडलं की तोच करंट पत्र्यावर पोचवतो. त्या भोकात दहा रुपयांचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घातलं असतं तर वायर चिरलीच नसती. दुसरी गोष्ट, कित्येक कूलर दोन तारांच्या वायरवर येतात, तिसरी अर्थिंगची तार नसतेच. तीन कोरची वायर घाला, हिरवी तार लग (तारेच्या टोकाची धातूची चकती) लावून बॉडीला कसा, आणि कसण्याआधी त्या जागचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. रंगावर स्क्रू आवळलेलं अर्थिंग मी कितीतरी कूलरांत बघितलंय. दिसायला सगळं नीट, जोडलेलं काहीच नाही.

आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. कारण पुढे चौथ्या पत्रात येतंय.

प्रश्न : *मी हिंगणा रोडला एका ठेकेदाराकडे हेल्पर आहे. एका फ्लॅटमध्ये सगळं बंद पडलं होतं. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत होता. उस्ताद म्हणाले, रिटर्न येतोय, आणि पाच मिनिटांत वर जाऊन काहीतरी जोडून आले. लाइट सुरू. विचारलं तर म्हणतात, बघून शिक. दोन्हीकडे फेज आला तर घरातलं सगळं जळायला हवं होतं ना?*
*— एक शिकाऊ, हिंगणा रोड*

भाऊ, उस्ताद बरोबर बोलले, फक्त अर्धं बोलले. न्यूट्रल तुटला होता.

आधी टेस्टर काय करतो ते बघ. त्यात छोटा निऑन दिवा असतो आणि त्याच्या मागे साधारण दहा लाख ओहमचा रेझिस्टर. तू वरच्या टोकाला बोट लावतोस तेव्हा करंट तुझ्या अंगातून जमिनीत जातो, एक चतुर्थांश मिलीअँपिअरही नाही, म्हणून कळत नाही. थोडक्यात टेस्टरची परतीची वाट तू आहेस. त्यामुळे 'इथे जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज आहे' एवढंच तो सांगतो. त्या वायरवर लोड चालेल का, न्यूट्रल शाबूत आहे का, हे त्याच्या बापालाही कळत नाही.

आता फ्लॅटमध्ये न्यूट्रल वर कुठेतरी सुटला. पंख्याचं बटण चालूच होतं. फेज पंख्याच्या गुंडाळीतून पलीकडे न्यूट्रलच्या वायरवर आला, पण पुढे जायला वाट नाही, तिथेच थांबला. करंट वाहत नाही म्हणून पंखा फिरत नाही, आणि वायरवर मात्र पूर्ण व्होल्टेज. घरातले सगळे न्यूट्रल एकमेकांना जोडलेले, म्हणून प्रत्येक सॉकेटमध्ये दोन्हीकडे टेस्टर पेटतो. तपासायचं असेल तर घरातली सगळी बटणं बंद कर, प्लग उपस. न्यूट्रलच्या भोकातला दिवा विझला की समज. मीटर दोन भोकांत लावशील तर शून्याच्या आसपास दाखवेल, कारण दोन्ही टोकं एकाच फेजची. तिथे 400 दिसलं तर गोष्ट वेगळी आणि भयंकर आहे, कुणीतरी खरंच दुसरा फेज न्यूट्रलमध्ये घातलाय. मग काहीही चालू न करता मेन पाडायचा.

सुटलेला न्यूट्रल शोधायचा म्हणजे डीबीतली (एमसीबींच्या पेटीतली) न्यूट्रल लिंक, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडतात ती पट्टी, मीटरखालचा कटआउट (फ्यूजची पकड) आणि टेप गुंडाळलेले जोड, या क्रमाने जा. हात घालण्याआधी मेन बंद, कारण ती काळी वायर 'न्यूट्रलच तर आहे' म्हणून धरशील आणि ती तुला फेजचाच झटका देईल. वर आणि खाली अशा दोन वायरी तुटलेल्या दिसल्या तर घराकडची धोक्याची, हे ध्यानात ठेव.

आणि कुणी तुला सांगेल की सॉकेटमध्ये अर्थिंग नाही ना, मग न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनला मार, काम होऊन जातं. नाही मारायचा. त्या दिवशी त्या फ्लॅटमध्ये असा तुकडा असता, तर न्यूट्रलवर थांबलेला फेज थेट फ्रिजच्या दारावर आणि कूलरच्या पत्र्यावर उभा राहिला असता.

टेस्टर खिशात असू दे, पण सोबत टेस्ट लॅम्प ठेव. होल्डर, दोन वायरी आणि एक बल्ब. फेज-न्यूट्रलमध्ये लावला आणि पूर्ण पेटला तर वाट दोन्हीकडून मोकळी आहे. फेज आणि अर्थ यांच्यात लावून अर्थिंगही बघता येतं, मात्र त्या वेळी घरात कुणी फ्रिज-कूलरला हात लावायचा नाही. अर्थिंग कच्चं असेल तर तेवढ्या वेळापुरता त्या सगळ्या बॉड्यांवर करंट येतो. आरसीसीबी असेल तर ती पडेल. ती बिघाडाची नव्हे, कामाची खूण.

प्रश्न : *रात्री बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मिणमिणत राहतो. घरात भुताटकीची चर्चा सुरू आहे. बिल येतं का याचं?*
*— एक वाचक, महाल*

भूत नाही बाप्पा, वायरमन. बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलंय. बटण बंद म्हणजे परतीची वाट बंद, फेज मात्र बल्बपर्यंत आलेलाच. तिथून भिंतीत झिरपणारा अगदी नगण्य करंट एलईडीला मिणमिणायला पुरतो. जुन्या पिवळ्या बल्बला तो पुरत नव्हता, म्हणून चूक इतकी वर्षं लपली. बिलाचं विचाराल तर ते दिसणारही नाही. पण बटण बंद करून बल्ब बदलायला स्टुलावर चढाल तेव्हा होल्डरमध्ये फेज हजर असेल. नंदनवनच्या काकूंना प्लगच काढा म्हटलं ते याचसाठी : सॉकेटचं बटणही न्यूट्रलवर असलं तर बंद कूलरमध्येही फेज पोचलेला असतो. बोर्ड उघडून वायरी बदलून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. बटणात लाल इंडिकेटर असेल तर मिणमिणणं त्याच्यामुळेही असू शकतं, तेव्हा आधी ते बघा.

प्रश्न : *ताई, आमची संत्र्याची बाग आहे, विहिरीवर 5 एचपीची मोटर. थ्री फेज म्हणजे तीन वेळा 230, मग मीटर 690 काहून नाही दाखवत, 400 च काहून? आणि एक फेज गेला की मोटर नुसती हम करते अन् जळते. दोन फेज तर राहतात ना? यंदा ती दोनदा भरून (नवी गुंडाळी घालून) आणली.*
*— एक शेतकरी, काटोल तालुका*

भाऊ, तीन फेज एकाच वेळी जोर लावत नाहीत, म्हणून.

तुमच्याकडे येणारी वीज सेकंदाला 50 वेळा वरखाली होते. कोराडीसारख्या केंद्रातल्या जनित्रात तीन गुंडाळ्या एकमेकींपासून 120 अंशांवर बसवलेल्या असतात, त्यामुळे तिन्हींची पाळी मागेपुढे येते. एक फेज वरच्या टोकाला असतो तेव्हा बाकीचे दोन उलट्या बाजूला निम्म्यावर असतात. दोन फेजांमधलं अंतर मोजलं की ते दुप्पटही येत नाही आणि तिप्पटही, 1.732 पट येतं. 230 गुणिले 1.732 म्हणजे 398. मोटरच्या पाटीवर 415 लिहिलेलं असतं ते जुन्या 240 च्या हिशेबाने.

आता परतीची वाट बघा. तुमच्या मोटरला न्यूट्रल जोडलेलाच नाही, तरी ती चालते. कारण कोणत्याही क्षणी एका फेजमधून आत आलेला करंट उरलेल्या दोघांतून परत जातो. तिघं मिळून बेरीज शून्य. एक फेज गेला, की उरलेल्या दोघांना एकमेकांतूनच येजा करावी लागते. थांबलेली मोटर मग फिरूच शकत नाही, दोन फेजांत फिरवणारा जोर तयार होत नाही, नुसती हम करते आणि चालताना घेते त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. चालू असताना फेज गेला तर फिरत राहते, पण तेवढंच काम करायला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. लांबून ऐकलं तर चालतेय असंच वाटतं.

अशी मोटर टेबलावर उघडली की शेतकऱ्याला काही विचारावं लागत नाही. गोल फिरून गुंडाळ्यांची डोकी बघायची. स्टार जोडणी (तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेली) असेल तर दोन गट काळे कोळसा आणि एक गट नव्यासारखा तांबूस, परत दोन काळे, एक तांबूस, असा नक्षीसारखा क्रम दिसतो. डेल्टा (गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या) असेल तर उलट : एक गट काळा, दोन धड. हा क्रम दिसला म्हणजे फेज गेला होता, याबद्दल शंका नको. सगळी गुंडाळी सारखी काळी असेल तर दोष लोडचा, कमी व्होल्टेजचा किंवा जाम बेअरिंगचा. तुमची मोटर भरणाऱ्याला विचारा, जळलेली गुंडाळी कशी दिसत होती. त्याला सांगता आलं नाही तर पुढच्या वेळी फेकायच्या आधी दाखवायला सांगा.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) आहे का आणि त्याचा काटा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावलाय का, ते आधी बघा. मोटर सारखी पडते म्हणून पोट्टे तो काटा शेवटापर्यंत फिरवून ठेवतात, मग तो असून नसल्यासारखा. त्याच्या जोडीला एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा. तुमच्या दोनदा भरण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढणारे आसपास असतीलच. चालते खरी, पण अर्ध्या जोराने पूर्ण काम करते, आणि मग आमच्याकडेच येते.

मोटर भरून आणल्यावर पाणी कमी येत असेल तर ती उलटी फिरतेय का बघा. तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा बदलते. मोटर पुन्हा खोलायची गरज नाही.

प्रश्न : *मंडप डेकोरेशनच्या कामावर आहे. लॉनवर लांबची वायर टाकून दोन हजार वॅटचे हॅलोजन आणि जंबो कूलर लावतो. कूलर मरतुकडा फिरतो आणि वायरचं रीळ चटका बसेल इतकं तापतं. वायर चांगल्या कंपनीची आहे.*
*— एक कामगार, वाडी*

कंपनी चांगली असेल, जाडी कमी आहे. धरू की 50 मीटर वायर आहे, 0.75 चौरस मिलीमीटरची. करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे तांबं 100 मीटर. एक चौरस मिलीमीटर तांब्याच्या मीटरभर तारेचा विरोध साधारण 0.0172 ओहम, त्यावरून तुमच्या वायरचा 2.3 ओहम होतो. एकट्या हॅलोजनचा करंट 8.7 अँपिअर. गुणाकार केला की 20 व्होल्ट वाटेतच संपले, आणि वायरमध्ये 174 वॅटची उष्णता. लग्नसराईत लॉनवर आधीच 200 येत असेल तर कूलरला 180 मिळतात, तेही कूलरचा स्वतःचा करंट न धरता. तो मरतुकडाच फिरणार, आणि वाइंडिंग तापणार.

174 वॅट 50 मीटरभर पसरले तर वायर कोमट होते. रीळ न उलगडता तसंच ठेवलं तर सगळी उष्णता एका गठ्ठ्यात कोंडते, वरचं प्लास्टिक मऊ पडतं आणि आतल्या दोन तारा एकमेकींना भिडतात. म्हणून वायर जास्त असली तरी रीळ पूर्ण उलगडायचं. 2.5 चौरस मिलीमीटरची घेतली तर वाटेतलं नुकसान 6 व्होल्टवर येतं आणि उष्णता 52 वॅटवर. हॅलोजनच्या जागी एलईडी फ्लड लाइट लावले तर करंटच इतका उतरतो की हा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो, आणि मालकाला डिझेलही कमी लागेल. तीन कोरचीच वायर घ्या, कारण लॉनवर पाणी मारलेलं असतं आणि जंबो कूलरही लोखंडीच. गवतातून जाणारा जोड नुसत्या टेपवर ठेवू नका, कनेक्टर बंद डबीत घालून जमिनीपासून वर बांधा.